पूर्ण तिकीट

सत्तर टक्के सूट देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. वीस टक्के म्हणाला तर मी ऐकून घेते, तीस म्हणाला तर कागद मागते, आणि सत्तर म्हणाला तर पर्स छातीशी धरते. नणंदेला देवाने हे शहाणपण दिलेलं नाही. ऐन गर्दीच्या वेळी दुकानात तिचा फोन आला, "वहिनी, थीम पार्कची तिकिटं सत्तर टक्के स्वस्त मिळतायत! लिंक पाठवलीय. आजचाच दिवस आहे हं, मग नाही." मी दातांत दोरा धरून बटण लावत होते, म्हणून ती वाचली.

आमचं दुकान शाळेच्या गणवेशांचं. शाळा उघडण्याआधीचे सहा आठवडे आम्हाला शिंकायलाही फुरसत नसते. नवरा माप घेतो, मी वहीत लिहिते. त्याने टेप लावायची, आकडा बोलायचा, मी मान वर न करता लिहायचा. एकोणीस वर्षं हेच चाललंय. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात आणि आता मीही म्हणते, कारण दुकानात "अहो" म्हटलं की चार बापे वळून बघतात. मास्तर मुलीला बॉबिन म्हणतो. ती रांगायला लागली तेव्हापासून मशीनखाली गरागरा फिरायची, म्हणून. तेव्हा ते नाव गोड वाटायचं. पुढे पुढे ते मला टोचायला लागलं, कारण बॉबिन दहा वर्षांची झाली आणि अजून पहिलीतली दिसत होती.

दोन वर्षांपूर्वी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, हाताच्या हाडांचे फोटो काढले आणि सांगितलं, वाढीचं औषध देऊन बघू. बघू म्हणजे रोज एक सुई. आज डावी मांडी, उद्या उजवी. मास्तरला रक्त बघवत नाही, म्हणून सुई माझ्याकडे. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलं, हात धुतले, की पहिलं काम ते. दर सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाई उंची घ्यायच्या आणि तोंडाने "हं" म्हणायच्या. त्या "हं"वर मी पुढचे सहा महिने काढायची.

मागच्या खेपेला मात्र त्या "हं" म्हणाल्या नाहीत. उंची एकशे सोळा सेंटिमीटर भरली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बॉबिनच्या देखतच म्हणाल्या, "पुढच्या वेळेपर्यंत चार सेंटिमीटर तरी वाढायला हवेत. नाहीतर औषध लागू पडत नाहीये असं समजून थांबवावं लागेल. उगाच टोचत राहण्यात अर्थ नाही."

"थांबवलं तर?" मास्तरने विचारलं.

"मग जी होईल ती उंची," त्या म्हणाल्या.

मी मनात बेरीज केली. एकशे वीस. घरी आल्यावर कळलं की बेरीज बॉबिननेही केली होती, आणि वर तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. थीम पार्कच्या मोठ्या रोलर कोस्टरवर बसायला एकशे वीसच लागतात. वर्गातली सगळी पोरं बसून आली होती. तिने पार्कचं पत्रक पलंगाशेजारी चिकटवलं होतं, त्यावर एक लाल रेघ आणि रेघेच्या वर हसणारा मुलगा. ती म्हणाली, "दवाखान्याच्या आधी पार्कात जायचं. आधी मला गाडीत बसायचंय, मग डॉक्टरांना दाखवायचं."

"आणि नाही भरली उंची तर?" असं कोणत्या आईने विचारावं? मी विचारलं नाही. मी तिकिटं शोधायला लागले.

शोधायला लागले म्हणजे कशी, तर नणंद म्हणते तशी, हात धुऊन मागे लागले. पार्कच्या दारात जाऊन तिघांची तिकिटं घ्यायची तर गणवेशाच्या अख्ख्या आठवड्याची कमाई एका दिवसात झोपाळ्यात बसवल्यासारखं झालं असतं. सूट हवीच होती, पण सूट खरी हवी होती. दारात यंत्राने लाल दिवा लावला आणि बॉबिनला घेऊन परत फिरावं लागलं, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

नणंदेची लिंक मी उघडून बघितली. पान अगदी हुबेहूब, रंगसुद्धा तेच. पण फोन नंबर कुठेच नाही, आणि पैसे भरायचे ते कुणा एका माणसाच्या खात्यात. पार्क काय माणसाच्या खात्यात पैसे घेतो? मी नणंदेला कळवलं. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात." मी म्हटलं, "दिसतात म्हणून तर सापडतात."

मग शेजारचे झेरॉक्सवाले. त्यांच्या मेहुण्याकडे दोन दिवसांचे पास होते, एक दिवस वापरलेला, दुसरा शिल्लक, अर्ध्या किमतीत. तिकिटं खरी होती, मी हातात घेऊन उजेडात धरली. पण माझा जीव काही मानेना. पार्कला फोन लावला तर कळलं, पहिल्या दिवशी दारात फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी तोंड जुळवून बघतात. झेरॉक्सवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो ताई, गर्दीत कोण बघतंय!" मी म्हटलं, "तुमच्या मेहुण्याचं तोंड मास्तरला लावायचं म्हणजे आधी मिशा शिवायला हव्यात."

तिसरा दिवस. पार्कच्या स्वतःच्या पानावर तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, सवलतीचे हक्कदार दिले होते. मी भिंग घेऊन वाचायला बसले, ज्याने आम्ही तुटका टाका बघतो ते. शेवटच्या ओळीत होतं, "शाळांचे कर्मचारी व शाळांचे नोंदणीकृत पुरवठादार." मी ती ओळ तीनदा वाचली. एकोणीस वर्षं शाळेला गणवेश पुरवतेय ती मी कोण मग? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

पार्कने या सवलतीचं शाळेला पाठवलेलं पत्र हेडक्लार्कच्या खणात तीन वर्षं पडून होतं. "कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मी त्यांच्याकडून पुरवठादार असल्याचा दाखला घेतला, त्यावर शिक्का मारून घेतला, शिक्का पुसट आला म्हणून दुसरा मारून घेतला. मग पार्कला फोन करून पत्रावरचा सांकेतिक क्रमांक सांगितला. चाळीस मिनिटं कानात गाणं वाजत होतं. शेवटी एक मुलगी बोलली. तिने क्रमांक तपासला, खरा आहे म्हणाली, आणि मी तिच्याकडून तिचा कर्मचारी क्रमांकही लिहून घेतला. पूर्ण तिकिटावर पस्तीस टक्के सूट, तीही पार्कच्या तोंडून. मला वाटलं, आपण जग जिंकलं.

"तीन पूर्ण तिकिटं का?" मुलीने विचारलं. "मुलीची उंची किती? एकशे वीसच्या खाली असेल तर हाफ लागतं. हाफला वेगळी सूट नाही, पण ते तसंही स्वस्तच पडतं."

हाफ घेतलं असतं तर आणखी वाचले असते. पण बॉबिन समोर स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि खोटं तिकीट घ्यायचं नाही हा माझा नियम दोन्ही बाजूंनी लागू होता. उंच मुलगी हाफमध्ये घुसवायची नाही, तशी बुटकी पूर्णमध्येही नाही.

"मापून सांगते," मी म्हटलं.

मागच्या खेपेपासून घरात तिची उंची घ्यायला मीच मनाई केली होती. रोज मापलं की रोज निराशा, त्यापेक्षा नकोच. आज मीच मास्तरला हाक मारली. दुकानात गर्दी होती. एक बाई दोन जुळ्यांना घेऊन उभी होती, "मास्तर, वाढत्या अंगाचं घ्या हं, दोन वर्षं तरी पुरलं पाहिजे," असं सांगत होती. मास्तर जुळ्यांना मोकळं करून उठला. बॉबिनने बूट काढले, मोजेही काढले आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मास्तरने तिच्या डोक्यावर वही आडवी धरली, खूण केली, टेप लावली आणि ज्या आवाजात तो जुळ्यांचं बोलला होता त्याच आवाजात बोलला, "साडेसत्तेचाळीस."

मी लिहिलं. मग कॅल्क्युलेटरवर इंचांचे सेंटिमीटर केले. एकशे वीस आणि वर सहा दशांश. पुन्हा केले. तिसऱ्यांदा बॉबिनने स्वतः केले. तिने कॅल्क्युलेटर खाली ठेवला. कपडे घालून बघायच्या पडद्यामागे गेली आणि तिथेच राहिली. पडद्याखालून तिचे नुसते पाय दिसत होते, आणि ते उड्या मारत होते. मास्तर मशीनवर बसून पायडल मारायला लागला. सुईखाली कापडच नव्हतं. जुळ्यांची आई म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "पूर्ण तिकीट लागतंय!" तिला काही कळलं नसेल, पण तीही हसली.

आयुष्यात मी कधी इतक्या आनंदाने जास्त पैसे भरले नव्हते.

त्यानंतरचे पाच दिवस मी सुखात होते. हे मला सरळ लिहायला हवं, कारण तसं सुख मी पुन्हा बघितलं नाही. बॉबिनच्या फ्रॉकची खालची कड गुडघ्याच्या वर गेलीय असं मला दिसायला लागलं. तिचा हात आता वरच्या फळीला पोचतो असं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाई "हं" म्हणतील, मग पुन्हा सहा महिने, मग पुन्हा. मी नणंदेला फोन करून उंची सांगितली. कधी नव्हे ते आम्ही दोघी एका बाजूने बोललो, आणि ती फोनवरच रडली.

मंगळवारी दुकान बंद ठेवून आम्ही गेलो. शुक्रवारी दवाखाना होता. पार्कच्या दारात मला धास्ती होती, पण तिकिटांची. यंत्रावर पहिलं तिकीट धरलं, हिरवा दिवा. दुसरं, हिरवा. तिसरं, हिरवा. मी मास्तरकडे असं बघितलं की जणू ती तिकिटं मी स्वतः शिवली होती. "बघितलं? खरी निघाली," मी म्हटलं.

आत शिरल्यावर मुलांसाठी वेगळी रांग होती. तिथे एक लोखंडी खांब आणि खांबावर आकडे. खांबाशी उभी असलेली मुलगी प्रत्येक पोराला टेकवून उभं करायची, वरची पट्टी डोक्यावर आणायची आणि मनगटावर कागदी पट्टा बांधायची. एकशे वीसच्या वर लाल, खाली पिवळा. लाल पट्टा असला तर रोलर कोस्टरच्या रांगेत पुन्हा कोणी विचारत नाही. बॉबिन बूट काढायला लागली. "असू दे, बुटांसकट चालतं," मुलगी म्हणाली. बॉबिनने माझ्याकडे बघितलं. वर आणखी बुटांचे, म्हणजे बक्षीसच.

ती ताठ उभी राहिली. पट्टी खाली आली, आणि बरीच खाली आली.

"एकशे एकोणीसला कमी," मुलगी म्हणाली आणि पिवळा पट्टा उचलला.

"थांबा," मी म्हटलं. "पुन्हा घ्या. ती वाकली असेल."

ती वाकली नव्हती. दुसऱ्यांदाही तेवढीच. मग मी तिचे बूट काढायला लावले, का कुणास ठाऊक. एकशे साडेसतरा.

मी आवाज चढवला. मागच्या आया कुजबुजायला लागल्या. मी म्हटलं, तुमचा खांब चुकीचा आहे, आमच्या घरी साडेसत्तेचाळीस इंच भरलेत, आमचा धंदाच मापाचा आहे, एकोणीस वर्षं आम्ही मापं घेतो, आमच्यापुढे तुमचं हे लोखंड काय टिकणार! मुलगी बिचारी गांगरली. मी मास्तरला पुढे ढकललं, "तुम्ही उभे राहा. तुमची उंची माहितीये आपल्याला." तो बूट काढून उभा राहिला. पट्टी त्याच्या डोक्यावर आली ती बरोब्बर त्याच्या उंचीवर, केसभरही इकडेतिकडे नाही.

खांब खरा होता.

मास्तर खांबाखालून बाजूला झाला नाही. तिथेच उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "अगं, मी वाढतं घेतलं असणार."

आणि मला सगळं एकदम कळलं. लहान मुलाचं माप कुठलाही शिंपी नागडं बोलत नाही. पोर वाढणार, कपडा दोन वर्षं पुरला पाहिजे, म्हणून तो टेपवर एक आकडा बघतो आणि तोंडाने इंच-सव्वा इंच चढवून बोलतो. मास्तरने एकोणीस वर्षांत हजारो पोरांची मापं तशीच बोलली होती. डोक्याने नाही, जिभेने. त्या दिवशी जुळ्यांनंतर आपली पोर समोर उभी राहिली आणि जिभेने तिलाही सव्वा इंच वाढवून दिले. त्याने टेपकडे बघितलं असेल, पण जे बघितलं ते बोललाच नाही. आणि मी लिहून घेतलं. मला ठाऊक नव्हतं का? वहीतलं प्रत्येक पोर मी स्वतःच्या हाताने वाढतंच लिहिते. झेरॉक्सवाल्यांच्या मेहुण्याची तिकिटं मी उजेडात धरली, पुसट शिक्का दुसऱ्यांदा मारून घेतला, फोनवरच्या मुलीचा क्रमांक टिपून ठेवला. एक आकडा तपासायचा राहिला. तो आवडीचा होता म्हणून राहिला.

सहा महिन्यांत दीड सेंटिमीटर. तेवढं तर औषधाशिवायही वाढलं असतं.

गोंधळ ऐकून आतून एक साहेब आले. फार नम्र माणूस. त्यांनी आमची तिकिटं बघितली, खांबाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. "मॅडम, यात रागावण्यासारखं काही नाही! उलट तुम्ही जास्त भरलेत. मुलीला हाफच लागतं. फरक आम्ही लगेच परत करतो." त्यांना वाटलं, मी पैशांसाठी भांडतेय. का वाटू नये? मी भांडणारी दिसतेच तशी. त्यांनी खिडकीत काहीतरी सांगितलं आणि नोटा आणून माझ्यापुढे धरल्या. इतके दिवस मी जी खरी सूट शोधत होते ती ही, दारात, पावतीसकट, कुणाची फसवणूक न करता. माझा हात आपोआप पुढे गेला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

"एन्जॉय करा," साहेब म्हणाले.

बॉबिनच्या मनगटावर पिवळा पट्टा बांधला गेला होता. मास्तर तिच्यापुढे खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होता आणि त्याला गाठ मारता येत नव्हती. माणूस डोळे मिटून काज करतो, त्याला नाडी बांधता येत नव्हती. बॉबिनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा, आणि मला विचारलं, "आई, म्हणजे आता सुया बंद ना?"

"डॉक्टर सांगतील शुक्रवारी."

"बंदच. तीन दिवसांत काय वाढणार?" ती म्हणाली. मागे वळून तिने एकदा त्या उंच गाडीकडे बघितलं. पोरं वर जाऊन किंचाळत खाली येत होती. "बरं झालं. खूप दुखायचं गं."

दोन वर्षं. रोज. तिने हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. मी विचारायची तेव्हा म्हणायची, छे, मुंगी चावल्यासारखं होतं. मुंगीसुद्धा नाही, मुंगीचं पिल्लू.

"मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस," बॉबिन म्हणाली.

मी थांबवलं नसतं. तिने सांगितलं असतं, रडली असती, लाथा मारल्या असत्या, तरी मी तिचा पाय दाबून धरला असता आणि सुई दिली असती, त्या एका "हं"साठी. हे मला तिथे उभ्या उभ्या पक्कं ठाऊक होतं. ते मी तिला सांगितलं नाही. मास्तर उठला, तिने त्याचं बोट धरलं, आणि आम्ही तिघं लहान मुलांच्या पाळण्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.